चाक फिरतं ठेव, वाट मोकळी ठेव

पोरी, सोसायटीची सेक्रेटरी झालीस, चांगलं झालं. पार्किंगची भांडणं, मेंटेनन्सची थकबाकी, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून रुसवे-फुगवे, हे सगळं तू निभावशील. त्यात मामाचा सल्ला नको. मला सांगायचंय ते जिन्याच्या कडेनं तळापासून गच्चीपर्यंत गेलेल्या त्या लाल पाईपाबद्दल. उचगावातल्या तुमच्या त्या इमारतीत सगळ्यांच्या रोज नजरेला पडते आणि कुणीच बघत नाही अशी तेवढीच एक वस्तू आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझी नोकरी पंपहाऊसमध्येच गेली, त्यामुळं त्या पाईपाची खोड मला ठाऊक आहे.

आग लागली आणि हायड्रंट उपयोगी पडला नाही, असं जेव्हा ऐकायला मिळतं, तेव्हा पाईप क्वचितच फुटलेला असतो. पुढ्यात गाडी लावलेली असते. व्हॉल्व्ह गंजून बसलेला असतो. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात वापरून टाकलेलं असतं. नाहीतर पॅनलवरचं बटन कुणीतरी रात्री बंद करून ठेवलेलं असतं. यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. लागतो तो लक्ष ठेवणारा माणूस, आणि आता तो माणूस तू आहेस.

वाटेपासून सुरुवात कर. आपल्या भागात जागेला जो भाव आलाय तो तुला माहीत आहे. 2017 मध्ये कोल्हापूर शहराभोवतीच्या 42 गावांचं प्राधिकरण झालं, शेतं बिनशेती झाली, मळ्यांच्या जागी अपार्टमेंट आली. प्रत्येक फ्लॅटला दोन दुचाकी आणि एक चारचाकी, आणि पार्किंग मात्र नकाशात दाखवलं तेवढंच. मग कुठंतरी सरकायचं म्हणून गाड्या सरकतात त्या नेमक्या हायड्रंटपुढं, कारण तिथं भिंतीला टेकून मोकळी जागा दिसते. ती जागा मोकळी दिसते, कारण ती मोकळी ठेवायचीच आहे. हायड्रंटच्या चारी बाजूंनी मीटरभर अंतर पिवळ्या रंगानं आखून घे. फरशीवर पट्टा, भिंतीवर पाटी. पाटी मराठीत असूदे आणि खाली हिंदीतही लिही. वॉचमन आणि डिलिव्हरीची पोरं कुठून कुठून येतात. हायड्रंट अडवून गाडी उभी करू नये हा काही सोसायटीचा हट्ट नाही. केंद्राच्या 1989 च्या रस्ता नियमांतच शाळेच्या नि दवाखान्याच्या दारासोबत हायड्रंटचंही नाव होतं. कुणी हुज्जत घातली तर तेवढं सांग आणि पुढं हो.

गेटजवळ भिंतीत दोन किंवा चार तोंडांचा एक लाल नळ असेल, झाकणं साखळीला बांधलेली. लोकांना वाटतं तिथून पाणी बाहेर येतं. येत नाही, आत जातं. बंब आला की त्यांचा पंप तिथं जोडतात आणि तुमच्या लाल पाईपात पाणी वर चढवतात. तुमची मोटर बंद पडली, टाकी संपली, तरी या तोंडातून इमारत वाचवता येते. म्हणून आतल्या कुठल्याही हायड्रंटपेक्षा हे तोंड मला जास्त मोलाचं वाटतं. आणि बहुतेक सोसायट्यांत त्याच्या पुढ्यातच कुंड्यांची रांग असते. कुंड्या उचल. झाकणं काढून आत हात घालून बघ. गुटख्याच्या पुड्या, दगड, चिमणीचं घरटं, काहीही निघतं.

कमानीचं तुला वेगळं सांगायला हवं, कारण कोल्हापूरकरांना कमानीची भारी हौस. गेटवर सोसायटीच्या नावाची कमान टाकायचं कमिटीत निघालं तर उंची विचार. राष्ट्रीय इमारत संहितेत कमानीखाली किमान 5 मीटर उंची मोकळी ठेवायला सांगितलीय, आणि उंच इमारतीभोवती 6 मीटर रुंदीची, बंबाचं वजन पेलणारी पक्की वाट. त्या वाटेवर पेव्हर ब्लॉक चालतील, पण खालचा भराव कच्चा असेल तर चाक रुतेल. गणपतीत मंडप टाकताना पोरांशी भांडू नकोस, आधीच बस त्यांच्यासोबत. मंडपाची एक बाजू अशी ठेवायला सांग की दोन बांबू उपसले की वाट खुली होईल. मंडळाची पोरं ऐकतात. आगीच्या वेळी तीच पोरं सगळ्यांत आधी धावतात.

मुंबईत इंग्रजांच्या काळापासून रस्त्याकडेला हायड्रंट आहेत. पुढं रस्ते उंच झाले, फूटपाथ नवे झाले, आणि कितीतरी हायड्रंट डांबराखाली नि पेव्हरखाली गाडले गेले. पाणी आहे, पाईप आहे, फक्त तोंड सापडत नाही. तुमच्याकडंही हे होऊ शकतं. आवारात काँक्रीट टाकायचं ठरलं की ठेकेदाराला पहिलं वाक्य हे सांग: जमीन जेवढी वर येईल तेवढं चेंबरचं झाकण वर यायला पाहिजे. आणि काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक चेंबरचा आणि व्हॉल्व्हचा मोबाईलवर फोटो काढून ठेव, मागं ओळखीची खूण दिसेल असा. नंतर कुठं खणायचं ते कळतं.

आता पेटी. लाल पेटीत काचेआड दोन होज आणि एक नोझल असायला पाहिजे. होज 63 मिलिमीटर व्यासाचा, 15 मीटर लांबीचा. तुमच्याकडं किती पेट्या रिकाम्या आहेत ते आधी मोज. नोझल आणि कपलिंग गनमेटलचं असतं, भंगारात त्याला चांगला भाव मिळतो, म्हणून ते चोरीला जातं. आणि चोरीला जातं म्हणून सोसायट्या पेटीला कुलूप लावतात, किल्ली सेक्रेटरीच्या घरी, आणि सेक्रेटरी देवदर्शनाला नरसोबाच्या वाडीला. हा उपाय चोरीपेक्षा वाईट. चोरी झाली तर निदान कळतं तरी. कुलूप काढून टाक. त्याऐवजी प्लॅस्टिकचं पातळ सील लाव, ओढलं की तुटणारं. सील तुटलेलं दिसलं की कुणीतरी हात घातलाय हे कळतं. नोझलवर सोसायटीचं नाव पंच करून घे. भंगारवाले नाव असलेला माल घ्यायला कचरतात, हे मी अनुभवानं सांगतो.

होज घडी घालायचीही रीत आहे. मधोमध दुमडायचा आणि दुमडीपासून गुंडाळत यायचं, म्हणजे दोन्ही तोंडं बाहेर राहतात आणि पळत जाताना तो आपोआप उलगडत जातो. दर वेळी दुमड थोडी पुढं-मागं घे. एकाच जागी वर्षानुवर्षं दुमडला की तिथंच चिरतो, आणि चिरलेलं कळतं ते प्रेशर आल्यावर. वापरल्यावर ओला होज पेटीत कोंबू नकोस. त्याला बुरशी धरते. सावलीत टांगून वाळव. गच्चीवरच्या तापलेल्या पत्र्यावर मात्र नको. कपलिंगच्या आत रबराचा वॉशर असतो, तो कडक झाला असेल तर बदलून टाक. किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण ती नसली की सांध्यातून निम्मं पाणी जोडणाऱ्याच्या तोंडावर येतं. आणि उंदीर! पेटीच्या खालच्या भोकातून उंदीर आत जातात आणि होजचं घर करतात. भोक जाळीनं बंद करून घे.

व्हॉल्व्हचं चाक हा माझा जीव की प्राण असलेला विषय. तालीम सोडलेल्या पैलवानासारखं त्याचं असतं. अंग दिसायला भरदार, पण वळत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक मजल्यावरचं चाक फिरलंच पाहिजे. फिरवायच्या आधी तोंडाचं झाकण पक्कं बसलंय का बघ, किंवा होज जोडून नोझल बाहेर काढून ठेव. मग घड्याळाच्या उलट दिशेनं, सावकाश. पूर्ण उघडलं की पाव फेरा मागं आण. पूर्ण टोकाला आवळून ठेवलं की पुढच्या माणसाला ते उघडलंय की अडकलंय हे कळत नाही, आणि तो बिचारा पाना लावून स्पिंडल मोडतो. बंद करतानाही घाई नको. वाहतं पाणी एकदम अडवलं की पाईपात धक्का बसतो, आख्खी इमारत दणाणल्यासारखा आवाज येतो, आणि कुठलातरी सांधा सुटतो. स्पिंडलच्या बुडाशी थेंब थेंब गळत असेल तर ग्लँडचं नट थोडं आवळायचं, थोडंच. आट्यांना ग्रीस लावायचं.

रंगाऱ्यावर लक्ष ठेव. इमारतीला रंग देताना लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन तो पोरगा पाईपासोबत स्पिंडल, आटे, झाकण, साखळी, सगळं एका दमात रंगवतो. दिसायला झकास. वाळलं की चाक गच्च. रंगकामाच्या दिवशी व्हॉल्व्हच्या आट्यांना कागद गुंडाळून दे, आणि रंग वाळायच्या आत एकदा चाक फिरवून घे.

आता पाणी. साडेतीन किलो प्रेशरला 20 मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला साधारण 500 लिटर पाणी जातं. म्हणजे 10,000 लिटरचा टँकर एका नोझलला वीस मिनिटं पुरतो. हे गणित कमिटीपुढं एकदा मांड. कारण उन्हाळा लागला की पाण्याची ओरड आपल्या भागाला नवी नाही, आणि एप्रिल-मे मध्ये कुणीतरी हुशार माणूस म्हणणारच, "खाली ती फायरची टाकी भरलेलीच आहे की, मोटर टाकून वर घेऊया." घेऊ देऊ नकोस. चांगली रचना अशी असते की नळाचं पाणी आधी फायरच्या टाकीत पडतं, ती काठोकाठ भरली की ओसंडून वापराच्या टाकीत जातं. त्यानं दोन कामं होतात. फायरचं पाणी खेळतं राहतं, शेवाळत नाही. आणि वापराची टाकी कितीही रिकामी झाली तरी फायरची भरलेलीच राहते. तुमच्या टाक्या अशा जोडल्यात का ते प्लंबरला विचार. नसतील तर जोडून घे. पाईपाचा एक तुकडा आणि एका दिवसाची मजुरी, एवढंच काम आहे.

पंपहाऊसमध्ये साधारण तीन पंप असतात. लहान तो जॉकी. पाईपातलं प्रेशर थोडं उतरलं की तो आपोआप चालू होतो, भरून काढतो, बंद होतो. कुणी व्हॉल्व्ह उघडला की प्रेशर झपकन पडतं आणि मोठा मेन पंप सुरू होतो; तो आपोआप बंद होत नाही, माणसानंच बंद करायचा, आणि ते तसंच असायला पाहिजे. वीज गेली तर डिझेलचा. हे सगळं चालतं ते पॅनल "ऑटो"वर असेल तरच. आणि इथंच घात होतो.

कुठंतरी एखादा व्हॉल्व्ह ठिबकतो. प्रेशर उतरत राहतं. जॉकी दर दहा मिनिटांनी घुर्र करून चालू होतो. पंपहाऊसच्या वरच्या फ्लॅटमधल्या आजोबांची झोपमोड होते, ते वॉचमनला ओरडतात, वॉचमन पॅनल बंद करतो, आणि गळती दिसेनाशी होते. सहा महिन्यांनी कुणाला आठवतही नाही की ते बंद आहे. माझ्या पाहण्यात जितके हायड्रंट ऐनवेळी कोरडे निघाले, त्यात या कारणाचा वाटा सगळ्यांत मोठा. म्हणून जॉकी वरचेवर चालू होतोय अशी तक्रार आली की पॅनलकडं जायचं नाही, गळतीकडं जायचं. प्रत्येक मजल्यावरचं झाकण उघडून तोंडाला हात लावून बघ, होज रीलच्या नळाला बघ, गच्चीवरच्या हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हला बघ. सगळं कोरडं असेल तर पंपाजवळच्या एनआरव्हीत, म्हणजे पाणी मागं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, कचरा अडकून पाणी मागं टाकीत उतरतंय, असं समज.

गेजच्या काचेवर नेहमीचं प्रेशर जिथं असतं तिथं नेलपॉलिशची एक लाल रेघ मार. तुमच्याकडं ते बहुधा सात किलोच्या आसपास असेल. वॉचमनला एवढंच शिकव: रोज रात्री ड्युटीवर आल्यावर काटा रेघेवर आहे का बघायचा आणि वहीत सही करायची. त्याला पंप समजायची गरज नाही. वॉचमन बदलत राहतात. नवा आला की पहिल्याच दिवशी त्याला पंपहाऊस दाखवायचं, मग गेट.

डिझेल इंजिन आठवड्यातून एकदा काही मिनिटं चालवायचंच. इंजिन बिघडत नाही, बॅटरी मरते. बॅटरीतलं पाणी, चार्जरचा दिवा, टाकीतलं डिझेल, एवढं बघायचं. आणि विजेच्या पंपाची जोडणी मेन स्विचच्या आधीची, स्वतंत्र आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. आग लागली की पहिलं काम म्हणून सगळे मेन स्विच पाडायला धावतात, आणि ते बरोबरच आहे; पण त्याच स्विचवर फायरचा पंप असेल तर पाणीही त्याच क्षणी गेलं.

पंपहाऊस तळघरात असेल तर पावसाळ्याआधी पाणी उपसणारी मोटर चालू आहे का बघ. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा पंचगंगेपलीकडून आपल्याकडं कुणी येऊ शकत नव्हतं. अशा दिवसांत इमारतीत जे असेल तेवढंच आपलं.

तपासणीचं कागदपत्र तुला करावंच लागेल. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम सांगतो की ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. तुमच्या बाबतीत म्हणजे सोसायटीची. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र म्हणजे नमुना "ब" घेऊन तो अग्निशमन अधिकाऱ्यांकडं द्यायचा. काही एजन्सीवाले गेटवर येऊन कागद देतात, चहा पितात, जातात. तुझ्या कारकिर्दीत असं होऊ देऊ नकोस. सगळ्यांत वरच्या, पंपापासून सगळ्यांत लांबच्या तोंडाला त्याला गेज लावायला सांग. तिथं पाणी सोडल्यावर साडेतीन किलो प्रेशर टिकलं पाहिजे. आधी हवा सुटेल, मग गंजाचं तांबडं पाणी येईल. स्वच्छ येईपर्यंत सोडू दे. तुझ्या डोळ्यांदेखत पाणी उडालं की मग सही. चहा त्यानंतर.

हे पाणी वाया जातं म्हणून कुणी कुरकुर केली तर झाडांना सोडा, पार्किंग धुवा. पण ते तपासणीच्या दिवशीच. रोज गाड्या धुवायला होज काढायची सवय लागली की होज, वॉशर आणि टाकी तिन्ही जातात.

एक गोष्ट नीट ऐक, कारण यात जीवाचा प्रश्न आहे. मोठा 63 मिलिमीटरचा होज शिकलेल्या माणसांसाठी आहे. मघाच्याच प्रेशरला त्या नोझलचा मागचा धक्का बावीस किलोच्या आसपास असतो. एकट्यानं धरला तर माणूस आपटतो, आणि सुटलेलं नोझल डोकं फोडतं. धरायचा तर दोघांनी, आणि व्हॉल्व्हवर तिसरा. घरातल्या माणसांसाठी आहे ती होज रील: भिंतीवरच्या लाल चाकावर गुंडाळलेली 19 मिलिमीटरची रबरी नळी, साधारण 30 मीटर लांब. ती तू एकटी ओढू शकतेस, तुझी सासूही ओढू शकेल. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कामाला येते ती हीच. तीच लोकांना शिकव. मीटरच्या खोलीत, ट्रान्सफॉर्मरवर, पेटलेल्या तेलाच्या कढईवर पाणी मारायचं नाही, हेही त्याच दिवशी सांग. धूर दाटला असेल तर नळी टाकून बाहेर पडायचं.

शिकवायला एप्रिल बरा. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात जवान प्रात्यक्षिकं देतात. रीतसर अर्ज दिलास तर बोलावता येतील. मात्र फोटोपुरती कवायत करू नका. प्रत्येक घरातल्या एकानं, शक्यतो दिवसभर घरी असतो त्यानं, स्वतःच्या हातानं होज रील ओढून पाणी मारलंच पाहिजे. नोकरीवर गेलेल्या पुरुषांना शिकवून दुपारी बाराच्या आगीचा काय उपयोग?

तुझ्या नवऱ्याचं गांधीनगरला दुकान आहे, म्हणून त्याच्यासाठीही दोन शब्द. कापडाच्या पेठेत दिवाळीआधी माल वाढतो, आणि माल वाढला की पहिल्यांदा जाते ती हायड्रंटपुढची जागा. गाठी दारापर्यंत, जिन्यापर्यंत, पेटीला टेकून. कापडाच्या गाठीची आग फसवी असते. वरून विझल्यासारखी दिसते, आत धुमसत राहते, आणि वारा लागला की तासांनी पुन्हा पेटते. गाठी ओढून, फोडून, आतपर्यंत भिजवाव्या लागतात. तिथं भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काही सेकंदांत संपतो. तासन्‌तास पुरेल असं पाणी लागतं. गोदामात माल लावताना हायड्रंटपासून दारापर्यंत एक पट्टा रंगवून घ्यायला त्याला सांग, आणि हमालांना सांगायला सांग, मालक म्हणून त्यानं स्वतः. मुनिमानं सांगितलं तर हमाल ऐकत नाहीत.

8 ऑगस्ट 2024 ची रात्र तू विसरली नसशील. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी उभारलेली, 1915 पासूनची वास्तू काही तासांत गेली. शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला उभं राहून शहर रडलं. त्या आगीच्या कारणांवर मी बोलणार नाही, ते ज्यांचं काम त्यांनी बोलावं. एवढंच ध्यानात घे की आग लागल्यावर जमलेली गर्दी कितीही मोठी असली तरी तिच्या हातात पाणी नसतं. आणि तुमच्या इमारतीकडं शहरातून बंब यायचा म्हटला तर तावडे हॉटेलच्या चौकातली वाहनं त्याला चुकत नाहीत. ती गर्दी तुला हलवता येणार नाही. गेटच्या आतली जागा येईल.

फोन 101 ला किंवा 112 ला. फोन करणाऱ्यानं इमारतीचं नाव सांगून थांबू नये. महामार्गावरून कुठं वळायचं, ओळखीची खूण काय, कितवा मजला, आत कुणी अडकलंय का, एवढं सांगावं. एक माणूस रस्त्यावर जाऊन उभा राहील, दुसरा गेट सताड उघडून गाड्या हलवेल, तिसरा पंपहाऊसमध्ये. ही तीन नावं आधीच ठरव आणि वॉचमनच्या केबिनमध्ये लावून ठेव. बंब आला की पाणी जोडायचं तोंड दाखव, टाकी कुठं आहे सांग, किल्ल्या दे, आणि बाजूला हो.

पुढच्या मासिक सभेत एवढं मंजूर करून घे: पेट्यांची कुलपं काढायची, हायड्रंटपुढं पिवळे पट्टे मारायचे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सगळी चाकं फिरवायची. पहिल्या रविवारी मी येतो. पाना आणि ग्रीसचा डबा माझ्याकडं आहे, तू फक्त पंपहाऊसची किल्ली शोधून ठेव.